छत्री फिरवून जुना माणूस लागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी आपल्या अंकात एका वाचकाचं पत्र होतं. सूत्रसंचालक म्हणजे दोन जाहिरातींच्या मधला बोलका खांब. तो बदलला म्हणून प्रेक्षकांनी एवढा गळा काढायचं काय कारण, असा त्यांचा सूर. पत्र वाचून मला आमच्या भागातली एक म्हातारी आठवली, म्हणून हा कागद.

माझा धंदा डिश बसवायचा आणि रिचार्ज मारायचा, गाव गंगाखेड. २००४ साली केबलवाल्याच्या हाताखाली वायर ओढायला लागलो, पुढं डिश आल्या तसं स्वतःचं बघितलं. म्हणजे वीसेक वर्षं मी लोकांच्या माळवदावर आणि पत्र्यावर आहे. टीआरपीचे आकडे मला समजत नाहीत. कोण कशापायी रिचार्ज मारायला आलंय, एवढं मात्र बरोबर समजतं. सोयाबीनचा पैसा हातात नाही, तरी बाईमाणूस पदराच्या गाठीतून नोटा काढून 'तेवढं ते च्यानल चालू कर' म्हणतं, तेव्हा तिथं काहीतरी आहे हे कळायला अभ्यास लागत नाही.

तर २०२५ चा जुलै संपत आला होता. पावसानं आणि वाऱ्यानं एका घरावरची छत्री हलली होती. शनिवारचा दिवस, रात्री नऊचा कार्यक्रम गाठायचा म्हणून त्यांनी मला अंधारात वर चढवलं. डिशचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, छत्री बोटभर सरकली तरी सिग्नल जातो. वर एकानं नट ढिला करून हलवायची आणि खाली एकानं पडद्यावरचा आकडा बघून ओरडायचं, अशी ही जोडीची मजुरी. खाली शाळकरी नात होती. 'काका, चाळीस... साठ... गेलं, गेलं! आलं!' मी नट आवळला, विजेरी तोंडात धरली आणि उतरायला लागलो, तर आतून आजीचा आवाज.

'आरं, चित्र आलंय, पर माणूस दुसराच आलाय. अजून इलुशी फिरव छत्री, जुना माणूस लागंल.'

मी शिडीवरूनच म्हणालो, 'आज्जे, तो माणूस आता या दिशेला नाही.'

'मग कोण्या दिशेला हाय तिकडं फिरव की!'

सगळं घर हसलं. मीही हसलो. म्हातारी थट्टा करायलीय हे उघड होतं, तिला टीव्ही काय आजचा नाही. पण चहा देताना तिनं हळूच जे विचारलं ती थट्टा नव्हती. 'बरा हाय ना रं तो? आजारी-बिजारी नाही ना?'

कार्यक्रम होता 'चला हवा येऊ द्या'. ऑगस्ट २०१४ ते मार्च २०२४, साडेनऊ वर्षं निलेश साबळे यांनी तो चालवला. त्यातली कितीतरी वर्षं सोमवार-मंगळवारी रात्री साडेनऊला हा माणूस आमच्या घराघरात येऊन 'हसताय ना?' म्हणून विचारायचा. नवं पर्व आलं ते अभिजीत खांडकेकर यांना घेऊन. जाहिरातीत नवा चेहरा दिसला, आमच्याकडं पोचलेली खबर तेवढीच. आपण चित्रपटाच्या कामात गुंतलोय हे साबळे यांनी स्वतः सांगितलं, पण ते मोबाईलवर, समाजमाध्यमावर. मी आजीला तिथंच फोन काढून दाखवलं. चष्मा लावून तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं आणि 'आसं व्हय' म्हणून फोन परत दिला.

माझं म्हणणं एवढंच आहे, संपादक महाशय. साडेनऊ वर्षं माणूस टीव्हीतून घरात येतो आणि तो का येणार नाही हे मात्र फोनवर सांगितलं जातं. ज्यांच्याकडं फोन नाही, किंवा असून नुसता 'उचलायचा आणि ठेवायचा' फोन आहे, त्यांनी काय समजायचं? आमच्याकडं रोज वाड्यावर येणारा दूधवाला बदलला तरी जुना नव्याला घेऊन येतो, 'उद्यापासून ह्याच्याकडनं घ्या माय' म्हणतो, मापाचा हिशेब सांगतो आणि मग जातो.

खांडकेकरांबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट त्या माणसाची मला जरा दयाच आली. 'माझ्या नवऱ्याची बायको' मध्ये ते राधिकाला, म्हणजे बायकोला, फसवणारे गुरुनाथ होते. आमच्या गल्लीतल्या बायकांनी या गुरुनाथला चार-साडेचार वर्षं रोज रात्री इतक्या शिव्या घातल्यात, की तो हसवायला उभा राहिला तरी पहिले दोन आठवडे माझी बायको हात बांधून बसायची. 'राधिकाला रडवलं आणि आता इथं विनोद करायला आलाय.' त्याच मालिकेत २०१८ ला शनाया, म्हणजे गुरुनाथच्या मैत्रिणीचं काम करणारी नटी, बदलली होती. रसिका सुनील गेली, ईशा केसकर आली, आणि शेवटाकडं परत रसिका आली. तेव्हा दुकानात येणाऱ्या बाया मला विचारायच्या, 'ही जुनी का नवी?' जसं काही मी शोरूममधून आणून देतो. पण मालिकेत तेवढं चालतं. पात्राचं नाव तेच राहतं, घर तेच, भांडण तेच. आठ दिवसांत लोक नव्या तोंडाला शनाया म्हणायला लागतात. सूत्रसंचालक मात्र स्वतःच्या नावानं येतो, समोर बघून आपल्याशी बोलतो. त्याच्या जागी दुसरा आला तर त्याला जुन्याचं नाव देता येत नाही. पत्रलेखकांनी हा फरकच लक्षात घेतला नाही.

माझ्या मायचं सांगतो. 'होम मिनिस्टर' २००४ ला सुरू झालं, मी केबलला लागलो तेच साल. आमच्या भागात बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. 'भावोजी' हा शब्द आमच्या घरात आदेश बांदेकरांनी आणला. माय आजही तिच्या खऱ्या दाजींना दाजीच म्हणते आणि भावोजी म्हटलं की फक्त एकच माणूस. पैठण आमच्या मराठवाड्यात, गोदावरी तिथूनच आमच्या गंगाखेडला येते, पण पैठणी नेसलेली बाई मायनं पहिल्यांदा बघितली ती त्या कार्यक्रमात. तिला स्वतःला अजून मिळाली नाही, हा माझ्यावरचा जुना आरोप आहे आणि तो खरा आहे.

बदल वाईटच असतो असं म्हणायला मी बसलेलो नाही. 'कोण होणार करोडपती'चं बघा. मराठीत हा खेळ २०१३ ला सचिन खेडेकरांनी सुरू केला, तेव्हा नाव 'कोण होईल मराठी करोडपती' होतं. २०१६ ला स्वप्नील जोशी आले. २०१९ ला खेळ दुसऱ्या वाहिनीवर गेला आणि नागराज मंजुळे आले, २०२१ ला परत खेडेकर. तिघांनी खुर्ची सांभाळली, पण तिघांची बसायची तऱ्हा वेगळी. खेडेकर म्हणजे गावात बदलून आलेला चांगला हेडमास्तर. शिस्त आहे, पण पोराच्या डोक्यावरून हात फिरवतो. मंजुळे करमाळ्याकडचे, आमच्या शिवेपलीकडचेच म्हणा. त्यांच्यासमोर खेड्यातला गडी बसला की प्रश्न राहायचा बाजूला आणि तो बैल कधी विकला, बहिणीचं लग्न कसं केलं हे सांगायला लागायचा, आणि हे ऐकून घ्यायचे. हिंदीतसुद्धा २००७ ला अमिताभ बच्चन यांच्या जागी शाहरुख खान आले होते. एकच पर्व. पुढं बच्चनच परत आले. माणूस मोठा असून भागत नाही, त्या खुर्चीला तो ऐकणारा लागतो, असं आमच्या दुकानातलं मत.

'बिग बॉस मराठी'चा किस्सा तर धंद्याचाच आहे. पहिली चार पर्वं महेश मांजरेकर, त्यांची ती चावडी. माणूस शनिवारी यायचा आणि झाडायचा, लोकांना ते आवडायचं. २०२४ च्या जुलैत पाचवं पर्व रितेश देशमुख घेऊन आले आणि चावडीचा 'भाऊचा धक्का' झाला. आता भाऊचा धक्का मुंबईचा. आमच्याकडं समुद्र नाही, आम्हाला धक्का म्हणजे एसटी बंद पडल्यावर मारायचा तेवढाच माहीत. पण रितेश म्हणजे लातूरजवळच्या बाभळगावचे, विलासरावांचे चिरंजीव, त्यामुळं आमच्या दुकानावर अशी माणसं आली ज्यांनी जन्मात बिग बॉस बघितलं नव्हतं. 'आपल्याकडचा पोरगा हाय, बघू काय म्हणतो.' त्यात निक्की तांबोळी छत्रपती संभाजीनगरची. बरं, आधीचा अनुभव शंभर दिवसांचा, म्हणून चार-पाच जणांनी माझ्या सल्ल्यानं एकदम तीन महिन्यांचा पॅक मारला. पर्व सत्तर दिवसांत, ६ ऑक्टोबरला संपलं. सूरज चव्हाण जिंकला त्या आनंदात कुणी मला जास्त बोललं नाही, नाहीतर ते उरलेले वीस दिवस माझ्याच बोकांडी बसले असते.

एक रुखरुख मात्र सांगून टाकतो. मालिकेतलं खेडं म्हटलं की भाषा कोल्हापूर-साताऱ्याची. नागपूरची बोली एका राधिकेनं घराघरात नेली. आमचं 'कामून', 'काय करायलास', 'जायलाव' हे टीव्हीवर आलं तर विनोदालाच येतं. म्हणून परभणीचे संकर्षण कऱ्हाडे जेव्हा 'आम्ही सारे खवय्ये' आणि पुढं 'किचन कल्लाकार' घेऊन उभे राहिले, तेव्हा आमच्या इथल्या बायांना फोडणीपेक्षा त्यांच्या बोलण्यात जास्त रस होता. बोलताना मधेच एखादा हेल असा यायचा की माय भाकरी थापता थापता थांबायची. 'हा आपल्या कडचा हाय,' म्हणायची, मी दहा वेळा सांगितलेलं असूनही, नव्यानं शोध लागल्यासारखं. पुढच्या खेपेला कुठल्याही वाहिनीला नवा सूत्रसंचालक लागला तर परभणी, बीड, नांदेड, धाराशिव या बाजूला एकदा नजर टाकावी. आमच्याकडं बोलणाऱ्यांचा दुष्काळ कधी पडलेला नाही.

आता नव्या मालिकांचं. नवी येणार म्हणून महिनाभर जाहिरात चालते, तिची वेळ तोंडपाठ होते. पण तिला जागा करायला जुनीला साडेदहा-अकराला ढकललं हे लोकांना दुसऱ्या दिवशी कळतं, आणि शिव्या मला बसतात, कारण त्यांना वाटतं सिग्नल गेला. 'आमची मालिका गायब केलीस' म्हणून मला रात्री नऊला फोन आलेले आहेत. शेतावर मोटारीची लाईट रात्रीची असली की गडीमाणूस दहालाच निघतो, बाई पहाटे उठणारी. अकराची मालिका कोण बघणार? २०१९ च्या फेब्रुवारीत वाहिन्या एकेक निवडून पैसे भरायचा नवा नियम आला तेव्हा नुसतं दार उघडायचे १३० रुपये आणि जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे झाले होते, वाहिन्यांचे पैसे वेगळे. तेव्हापासून आमच्याकडचा माणूस एकेक वाहिनी बोटावर मोजून घेतो. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची वेळ बदलली तर आठ दिवस आधी खाली पट्टी फिरवायला काय खर्च येतो?

आणि सूत्रसंचालक बदलताना पहिल्या भागात पाच मिनिटं जुन्या माणसाला बोलवा. त्यानं यावं, नव्याच्या हातात माईक द्यावा, 'आता ह्याच्याबरोबर हसा' म्हणावं. जमत नसलं तर दोन वाक्यं चित्रित करून पाठवावीत, पण ती टीव्हीवर दाखवावीत. रुसून गेला असेल तर तेही आम्हाला कळतंच, आमच्या घरात काय रुसवेफुगवे नसतात?

दिवाळीच्या आधी त्या घरी रिमोट बदलायला गेलो होतो. आजी टीव्हीसमोरच. मी विचारलं, जमलं का नव्याशी? म्हणाली, 'ह्यो बी गुणाचा हाय. हसवतंय.' मग रिमोटची बटणं दाबून बघत म्हणाली, 'त्याचा शिनेमा आला का रं?'

कळावे,
एक छत्रीवाला,
गंगाखेड, जि. परभणी

ता. क. पत्र छापलंत तर नाव आणि दुकान टाकू नये ही विनंती. या महिन्यात रिचार्जची उधारी आधीच फार झालीय.