पाटल्यांची गोष्ट फक्त तुला ठाऊक आहे

डब्लिन,
रविवार, 16 नोव्हेंबर 2025

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मार्चमध्ये आले होते आणि मी उत्तर आता लिहितो आहे, तेव्हा माफी मागण्यात दोन ओळी घालवत नाही. तू मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या असशील त्या पोचल्या असे समज. माझी साखर आटोक्यात आहे, मेधाची मान थंडीत धरते, निनाद माझ्यापेक्षा चार बोटे उंच झाला आहे. इतके पुरे.

लिहिण्याचे कारण असे की, मी एका माणसाला पंधराशे युरो रोख दिले आहेत आणि मेधाला ते माहीत नाही. हे वाक्य वाचून तुझ्या डोक्यात पहिली जी शंका येईल ती सोडून दे, या वयात तेवढा उत्साह माझ्यात उरलेला नाही. पैसे मी शेजारच्या आजीबाईंना दिले. त्यांचे नाव लिहीत नाही. त्यांच्याकडे त्यांचा सतरा वर्षांचा नातू राहतो. त्याच्या आईचा विषय त्या घरात निघत नाही आणि आम्हीही काढत नाही. निनाद लहान असताना याच पोराने त्याला आमच्या मागच्या गल्लीत सायकल शिकवली होती.

सप्टेंबरात एका रात्री त्यांच्या पुढच्या खोलीची काच फुटली. सकाळी मी काचा भरू लागायला गेलो, तेव्हा आजीबाई म्हणाल्या की वाऱ्याने फुटली. वाऱ्याने काच फुटते हे एक वेळ मानू, पण वारा अर्धी वीट सोफ्यावर ठेवून जात नाही. मी काही बोललो नाही. त्यानंतर आठवडाभर संध्याकाळी एक पोरगा इलेक्ट्रिक स्कूटरवरून येऊन समोरच्या फुटपाथला थांबू लागला. डोळ्यांपर्यंत काळे फडके ओढलेले, अंगात भारी जाकीट. तो बोलत नसे, हाक मारत नसे, दार वाजवत नसे. दहा मिनिटे उभा राहून निघून जाई. मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होतो आणि खिडकीतून तो दिसला, तेव्हा माझ्या हातातला पेला नळाखाली तसाच भरून वाहत राहिला. सुधीर, मला राजदूत मोटारसायकलवरून अण्णाच्या उधारीसाठी येऊन उभा राहणारा तो राजदूतवाला आठवला. तोच न बोलता उभे राहण्याचा प्रकार, तीच वेळ, दिवेलागणीची. आईने तुळशीपाशी दिवा लावायला बाहेर जाणे सोडले होते, ते दिवस.

मेधाला अण्णाच्या मटक्याच्या उधारीबद्दल मोघम माहीत आहे. पाटल्या तुला आणि मलाच माहीत आहेत. रुमालात बांधून आईने त्या माझ्या हातात दिल्या आणि आपण दोघे सराफकट्ट्यावर गेलो, तू गाडी बंद न करता बाहेर थांबलास, जणू आपण दरोडा घालून पळणार होतो. नंतर तू म्हणालास की पेट्रोल माझे जळत होते, त्याचे तू अजून दिलेले नाहीस. देणारही नाही.

इथला प्रकार कसा चालतो ते मला आजीबाईंनी तुकड्यातुकड्यांनी सांगितले. शुक्रवार-शनिवारी पोरांना कोकेन उधारीवर मिळते. त्याला इथे 'टिकवर' घेणे म्हणतात, आपल्याकडे चहाच्या टपरीवर 'खात्यावर लिही' म्हणतात तसे. फरक इतकाच की टपरीवाल्याला आपण पैसे देऊ अशी आशा असते आणि इथे देणाऱ्याला पोराला ते जमणार नाही अशी आशा असते. उधारी चारपाचशे युरोंवर गेली की पोराला सांगतात, तू पैसे देऊ नकोस, फक्त हे पुडके दोन दिवस घरी ठेव. नातवाने ठेवले. ते नेऊन देताना वाटेत त्याला गार्डा, म्हणजे इथल्या पोलिसांनी, पकडले आणि पुडके जप्त केले. आपल्यासारख्याला वाटेल की प्रकरण तिथे संपले, आता कोर्ट काय ते बघेल. तसे नसते. जप्त झालेल्या मालाची किंमतही त्याच पोराच्या खात्यावर चढते. हिशेब तीन हजार दोनशे युरोंवर गेला आणि तो पोराने चुकवायचा नव्हता, घराने चुकवायचा होता. वीट त्यासाठी होती.

आजीबाईंनी क्रेडिट युनियनमधून कर्ज काढले. क्रेडिट युनियन म्हणजे आपली पतपेढी, इथल्या कष्टकरी वस्तीत प्रत्येकाचे खाते तिथेच. कर्जाचे कारण म्हणून त्यांनी स्वयंपाकघराची दुरुस्ती लिहिली. त्या मला म्हणाल्या की, या रस्त्यावर गेल्या दहा वर्षांत इतकी स्वयंपाकघरे कागदावर दुरुस्त झाली आहेत की आतापर्यंत सगळ्यांकडे संगमरवर हवा होता. हे त्यांनी हसत सांगितले आणि मग बराच वेळ हसणे थांबवता येईना. कर्ज सतराशेचे मंजूर झाले. उरलेले पंधराशे मी दिले.

आता आजीबाई कोण ते ऐक, म्हणजे मला काय खुपते आहे ते कळेल. त्या मूळच्या डब्लिनच्या उत्तर भागातल्या, नदीजवळच्या जुन्या वस्तीतल्या. 1979 च्या सुमारास या शहरात हेरॉइन आले आणि अशा वस्त्यांत ते वाळवीसारखे पसरले. 1982-83 साली तिथल्या एका भागाची पाहणी झाली, तेव्हा 15 ते 24 वयाच्या दर दहांपैकी एक जण हेरॉइन घेत असल्याचे आढळले. सरकारला जाग यायला वेळ लागला, म्हणून आईबापांनीच 'कन्सर्न्ड पेरेंट्स अगेन्स्ट ड्रग्ज' नावाची चळवळ उभी केली. सगळी वस्ती मिळून विकणाऱ्याच्या दारासमोर जाऊन उभी राही आणि त्याला घर सोडायला सांगे. त्या चळवळीत पुढे काही दांडगाई शिरली, काही चुकीच्या दारांवरही मोर्चे गेले, हे आजीबाई स्वतःच सांगतात. पण त्या तिथे होत्या, सत्तावीस वर्षांच्या, कडेवर मूल घेऊन. त्यांचा धाकटा भाऊ सुईतून आलेल्या एड्सने गेला. बकिंगहॅम स्ट्रीटवर अशा गेलेल्यांचे स्मारक आहे, दगडी चौकटीत एक सोनेरी ज्योत. दर डिसेंबरात तिथे ख्रिसमसचे झाड उभारतात आणि गेलेल्या प्रत्येकाच्या नावाचा तारा त्यावर लावतात. गेल्या वर्षी मीच त्यांना गाडीतून तिथे नेले होते. तर ज्या बाईने तरुणपणी विकणाऱ्याच्या दारात उभे राहून त्याला हाकलले, त्याच बाईच्या दारात आता विकणाऱ्याचा पोरगा येऊन उभा राहतो आणि ती त्याच्यासाठी पाकिटात नोटा भरते. त्यातल्या पंधराशेच्या नोटा मी मोजल्या आहेत.

2016 च्या फेब्रुवारीत तू मला घाईघाईने फोन केला होतास, आठवते? इथल्या रीजन्सी हॉटेलात बॉक्सिंगच्या लढतीआधी खेळाडूंचे वजन करण्याच्या कार्यक्रमात पोलिसांच्या वेषात बंदूकवाले शिरले होते आणि एक जण ठार झाला होता. किनाहन आणि हच या दोन टोळ्यांचे ते वैर, त्यात पुढे सगळे मिळून 18 जण गेले. तू विचारलेस, तिकडे बरे आहे ना? मी ऐटीत म्हणालो की, ते त्यांचे आपसातले आहे, आम्हाला त्याचे काय. त्यावर तू 'आम्हाला' या शब्दावरून मला अर्धा तास सोलून काढलेस. तेव्हा राग आला होता. रोज कामावर जाताना मी नास रोडवरून जातो. न्यूलँड्स क्रॉसजवळ 26 जून 1996 रोजी व्हेरोनिका गेरिन ही पत्रकार सिग्नलला थांबली असताना मोटारसायकलवरून आलेल्यांनी तिला गोळ्या घातल्या, कारण ती अमली पदार्थांच्या धंद्यातल्या माणसांची नावनिशी काढत होती. त्याच वर्षी इथे गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता जप्त करण्याचा कायदा झाला, त्यासाठी वेगळी यंत्रणा उभी राहिली, आणि शिक्षा झालेली नसली तरी दिवाणी कोर्टातून घर, गाडी, पैसा काढून घेता येऊ लागला. कायदा चांगला आहे. पण त्या रस्त्याने सोळा वर्षे जाऊनही हे सगळे मला वर्तमानपत्रातले वाटत होते, दोन वाफ्यांपलीकडचे नव्हे.

आपले दुसरे भांडणही आता निकालात काढू. मी 2009 साली इथे आलो, तेव्हा मुख्य रस्त्यांवर 'हेड शॉप' नावाची दुकाने होती आणि त्यांत मेफेड्रोन हा नशेचा पदार्थ उघडपणे, झाडांचे खत किंवा आंघोळीचे मीठ म्हणून, पुडीत मिळत असे. 2010 च्या मे महिन्यात सरकारने त्यावर बंदी आणली. 2024 च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यात आणि तुमच्या कुपवाडच्या गोदामात तेच मेफेड्रोन पकडले, तेव्हा मी तुला 'काय रे, तुमची एमआयडीसी' म्हणून डिवचले आणि तू रसायनशास्त्राचा पदवीधर असल्याचा पुरावा म्हणून मला सगळी प्रक्रियाच समजावू लागलास, शेवटी वहिनींनी फोन काढून घेतला. दोघेही आपापल्या गावाची बाजू मांडत होतो. गोदाम तुझ्या कंपनीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होते, दुकान माझ्या बसस्टॉपसमोर होते, आणि दोघांनाही शेजारधर्म म्हणून काही दिसले नव्हते.

मालाची काय कमी नाही. 2023 च्या सप्टेंबरात 'एमव्ही मॅथ्यू' नावाच्या मालवाहू जहाजावर इथल्या लष्कराचे जवान हेलिकॉप्टरमधून दोरीने उतरले आणि 2,253 किलो कोकेन पकडले, किंमत 15 कोटी 70 लाख युरो. निनादने ती चित्रफीत दहा वेळा पाहिली. शेजारच्या पोराचे पुडके गेले तर ते त्याच्या आजीच्या खात्यावर चढले. ही 2,253 किलोंची उधारी कोणत्या आजीच्या नावावर चढली असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. आणि घेणारे कोण? हेरॉइनच्या काळात लोक झोपडपट्टीकडे बोट दाखवत. आता उपचाराला येणाऱ्यांत कोकेनवाले हेरॉइनवाल्यांपेक्षा जास्त आहेत आणि ते सगळ्या थरांतले आहेत. माझ्याच कचेरीतला एक गृहस्थ कॉफीच्या शेतकऱ्याला रास्त दाम मिळाला की नाही हे पिशवीवर वाचल्याशिवाय कॉफी पीत नाही, आणि नाताळच्या पार्टीत तोच तीनदा स्वच्छतागृहात जाऊन नाक पुसत येतो. मी त्याला कधी काही बोललो नाही. पुढच्या महिन्यातही बोलेन असे वाटत नाही.

आता खरे काय झाले ते. पैसे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गेले. स्कूटरवाला यायचा बंद झाला. आजीबाईंनी मला सफरचंदाचा टार्ट आणून दिला, मी मेधाला सांगितले की काच बसवायला मदत केली म्हणून. मला फार बरे वाटत होते, सुधीर. सराफकट्ट्यावरून परतताना वाटले होते तसे. आणि गेल्या सोमवारी तो पोरगा पुन्हा समोर उभा. उशीर झाल्याबद्दल आणखी नऊशे. नसतील तर नातवाने काम करून फेडावेत, म्हणजे पुन्हा पुडकी पोचवावीत, आणि त्याच्या ओळखीचा एखादा लहान, पोलिसांच्या नजरेत न आलेला पोरगा असेल तर त्यालाही आणावे. नातवाने हे आजीला सांगितले, कारण त्याने विचार केला तेव्हा त्याला पहिले नाव निनादचे सुचले. त्याने नाव दिलेले नाही. पण सुचले, हे त्याने रडत सांगितले.

अण्णाच्या वेळीही बरोबर सहा आठवड्यांनी राजदूतवाला परत आला होता. मला हे माहीत होते. पाकीट देताना माहीत होते. आईच्या पाटल्या गेल्या आणि अण्णा सुटला नाही, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले त्यानेच पुन्हा नोटा मोजून दिल्या, आणि ते दयेने दिले की आपल्या दारासमोरचा पोरगा जावा म्हणून दिले, याचा निकाल मला लावता येत नाही. तू लावशील आणि तो मला आवडणार नाही, म्हणून आठ महिने ज्याने पत्र लिहिले नाही तो आज चार पाने लिहितो आहे.

इथल्या पोलिसांची अशा धमक्यांसाठी एक वेगळी सोय आहे. प्रत्येक विभागात त्यासाठी एक इन्स्पेक्टर नेमलेला असतो आणि रीतसर तक्रार न करताही त्याच्याशी गुपचूप बोलता येते. लहान मुलांना गुन्ह्यात ओढणाऱ्या मोठ्यांना पाच वर्षांपर्यंत शिक्षा देणारा कायदाही 2024 साली झाला. बहुतेक घरे तरीही जात नाहीत, कारण उद्या स्कूटर पुन्हा याच रस्त्यावर येणार असते. आजीबाई तीन दिवस नाही म्हणत होत्या. काल म्हणाल्या, तू बरोबर येत असशील तर जाऊ. गुरुवारी सकाळी साडेदहाची वेळ मिळाली आहे, स्टेशनात नव्हे, दुसऱ्या एका ठिकाणी. तिथे पंधराशेचा प्रश्न निघणार, म्हणजे त्याआधी मेधाला सांगावे लागणार, आणि पंधराशे सांगायचे तर पाटल्याही सांगाव्या लागणार.

तुझ्या घराचा वरचा स्लॅब पडला हे फोटोत पाहिले, छान दिसतो. ईशाला सीईटीत मनासारखे मिळाले याचा फार आनंद झाला, तिला वेगळे लिहीन. काकूंच्या गुडघ्याचे काय ठरले ते कळव. वहिनींना नमस्कार.

मेधाशी मी बुधवारी रात्री, निनाद झोपल्यावर बोलणार आहे. तोवर फोन करू नकोस; तुझा नंबर दिसला की तीच उचलते, आणि तुला खोटे बोलता येत नाही.

तुझा,
विनय