ताई, तुम्ही आधी दिवस मोजलेत

प्रिय ताई,

तुम्ही गावच्या आशा आरोग्य कार्यकर्ती, तुम्हाला सगळे आशाताईच म्हणतात, म्हणून इथेही तेवढंच लिहिते. तुमचं नाव लिहिलं की माझं कळेल, आणि ती गोष्ट तुम्ही इतकी जपलीत की मी उघडी करणं बरं नाही.

त्या दिवाळीत मी पुण्याहून घरी आले होते. आमच्या घरी अजून चार दिवस बाजूला बसायची रीत आहे, त्यामुळे कुणाची पाळी कधी आली ते अख्ख्या घराला कळतं, आणि नाही आली तर तेही कळतं. आईला माझी तारीख पाठ. वसुबारस गेली, लक्ष्मीपूजन गेलं, भाऊबीज गेली, तरी मी स्वयंपाकघरातच. आई काही बोलली नाही. फक्त सकाळी ओव्याचा काढा समोर येऊ लागला, मग तीळगूळ, मग चुलतीनं पाठवलेली पपई. परभणीकडच्या छोट्या गावातली मुलगी दीड वर्ष पुण्यात एकटी राहिलेली, आणि पाळी चुकलेली. आईच्या मनात काय चाललं होतं ते मला काढ्याच्या पेल्यातच दिसत होतं. माझं म्हणाल तर रात्री झोप नव्हती. मोबाइलवर वाचून मी स्वतःला तीन आजार लावून घेतले होते.

तुम्ही आलात ते शेजारच्या बाळंतिणीला भेटायला. परत जाताना आईनं तुम्हाला आत बोलावलं आणि तिला शब्दच सापडेनात. तुम्ही तिला चहा टाकायला पाठवलंत. मग दार लोटून मला विचारलंत, "शेवटची पाळी कधी आली होती?" कुणासोबत फिरतेस, पुण्यात काय करतेस, यातलं काहीही आधी आलं नाही. मी म्हटलं, 26 सप्टेंबर. तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलंत आणि माझ्याकडून बोटानं मोजून घेतलंत. 51 दिवस.

त्यानंतर तुम्ही सरळ विचारलंत, "संबंध आला होता का?" वजन किती, असं विचारावं त्याच आवाजात. मी जे उत्तर दिलं ते तुमच्याजवळच राहिलं. या पत्रातही मी ते लिहिणार नाही, कारण तेव्हा तुम्हीच म्हणालात, "हो असो की नाही, तपासून घेऊ. मनातलं एक तरी ओझं उतरतं." पिशवीतून दिवस गेलेत का ते तपासायचं निश्चय किट काढून दिलंत, सकाळच्या पहिल्या लघवीनं कर म्हणालात. एकच रेघ आली, म्हणजे नाही. तरी आठवड्यानं पुन्हा करायला लावलंत, कारण अंडाशयातलं बीजच उशिरा फुटलं असेल तर पहिली तपासणी फार लवकरची ठरू शकते. दुसऱ्या खेपेलाही एकच रेघ. मधल्या काळात पोटात एका बाजूला जोराची कळ आली, चक्कर आली, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा, हेही बजावलंत.

किट देऊन झाल्यावर त्याच दुपारी तुम्ही जे समजावलंत ते शाळेच्या पुस्तकात मी चित्रासकट वाचलं होतं, पण कळलं तेव्हा. मला वाटायचं पाळी म्हणजे महिन्याची ठरलेली गाडी, आणि माझी कुठंतरी अडकली. तुम्ही म्हणालात, "मूग कधी काढायचा हे पेरणीवरून ठरतं ना? पाऊस लांबला की पेरणी लांबते, पेरणी लांबली की काढणी. पेरल्यावर मात्र साठ-सत्तर दिवसांत तो येतोच." तसंच अंडाशयातून बीज बाहेर पडलं की साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. उशीर होतो तो बहुतेक वेळा त्याच्या आधी, बीज बाहेर पडण्यातच. मी विचारलं, मग रक्त आत साचतंय का? "काही साचत नाही. पेरलंच नाही तर काढणार काय?"

पेरणी का लांबली तेही तुम्ही माझ्याकडूनच वदवून घेतलंत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला परीक्षा होती. अभ्यासिकेत रात्री दोनपर्यंत बसायचे, पैसे वाचवायला मेसचा एक वेळचा डबा बंद केला होता, संध्याकाळी चहा-बिस्किटं. नंतर उपकेंद्रातल्या काट्यावर 44 किलो भरले. जूनमध्ये 50 होते. अन्न कमी, झोप कमी, डोक्याला घोर, अशा वेळी मेंदूकडून अंडाशयाला जाणारा निरोपच मंदावतो. तुमचं हे बोलणं ऐकताना आई दारात कपबशी घेऊन उभी होती. ती रडली, आणि मला वाटतं ते सुटकेचं होतं, पण थोडं त्या डब्यासाठीही होतं.

आईचा आणखी एक घोर होता. गौरी बसवायच्या होत्या म्हणून सप्टेंबरात तिनंच मला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दिल्या होत्या. तुम्ही तिला सांगितलंत की गोळ्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी आली, म्हणजे त्यांचं काम तिथं संपलं. पण डॉक्टरला न विचारता आणायच्या नाहीत, आणि मेडिकलमधून "पाळी यायच्या" गोळ्या तर अजिबात नाही. तीळगुळाला तुम्ही नाही म्हटलं नाहीत. खाऊ दे, अंगाला लागेल, त्यानं पाळी ओढून येत नाही एवढंच.

आणि मर्यादाही सांगितलीत. तीन महिने भरले तर थांबायचं नाही, ग्रामीण रुग्णालयात थायरॉइड तपासायचं, लागली तर सोनोग्राफी करायची. चेहऱ्यावर केस वाढले, वजन भराभर वाढलं किंवा छातीतून दूध आलं, तर त्याही आधी जायचं.

तशी वेळ आली नाही. महिनाभर मी घरीच राहिले, दोन वेळा भाकरी खाल्ली, दहाला झोपले. 4 डिसेंबरला सकाळी पाळी आली. मी कॅलेंडर काढून मागे चौदा दिवस मोजले, तर 20 नोव्हेंबर. म्हणजे तुम्ही आमच्या घरी बसला होतात तेव्हा पेरणी झालीच नव्हती. त्याआधीचा सगळा काढा, सगळी पपई, सगळं रडणं बिनपेरल्या रानात काढणीची वाट बघत झालं होतं.

ताई, त्या दुपारचा मोबदला तुम्हाला कुठल्या रजिस्टरात मांडता आला नसेल. मीही तेव्हा धड आभार मानले नाहीत. फोन केला तेव्हा तुम्ही एका पोरीला प्रसूतीसाठी घेऊन गाडीत होतात, मागे तिचं कण्हणं ऐकू येत होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "आली का? बरं झालं. तारीख लिहून ठेव."

लिहून ठेवली आहे, ताई. त्यानंतरच्या सगळ्याही.

तुमची,
गावातलीच एक लेक