मेमरी कार्डवाल्या दादाचे मनापासून आभार

आम्ही दोघीतिघी वर्षभर पुण्यातल्या पेठांमधे फिरून पानशेतच्या पुराच्या आठवणी रेकॉर्ड करतोय. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, मागोमाग खडकवासलाही, हे सगळं कागदोपत्री आहे, पण वाड्यात पाणी चढताना कुणी काय उचललं हे फक्त त्या माणसांनाच माहीत आणि ती आता ऐंशी-नव्वदीत आहेत.

एका आजींचं दोन तासांचं बोलणं ज्या कार्डवर होतं ते उघडेचना. बॅकअप घेतला नव्हता, आणि आजी तर मे महिन्यात गेल्या. दोन दुकानांत सरळ फॉरमॅट करा म्हणाले, मी रडायच्या बेतात.

अप्पा बळवंत चौकाजवळच्या छोट्या दुकानातला दादा मात्र म्हणाला, ताई ठेवून जा, आता यात नवीन काही सेव्ह करू नका. रात्री साडेदहाला फोन, आवाज येतोय! धावत गेले तर शटर अर्धं ओढून हा हेडफोन लावून ऐकत बसलेला. चिखलात हात घालून देवघरातली समई कशी चाचपून काढली ते आजी सांगत होत्या, त्याने हेडफोन काढून माझ्या हातात दिला, काही बोललाच नाही. दोन पेन ड्राइव्हवर कॉपी करून दिली, दोन्हींवर मार्करने 'आजी' लिहिलेलं. पैसे फक्त पेन ड्राइव्हचे घेतले. म्हणाला, माझी आजी पण पूरग्रस्त, पुरानंतर गोखलेनगरला गेली.

दादा, गडबडीत नावही विचारलं नाही. खूप खूप आभार. तुमच्या आजींच्या आठवणी रेकॉर्ड करायला या रविवारी येतेय.