मीटर आधी टाकीवर बसवा, मग घरोघरी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शहराचे पाणी खासगी कंपनीच्या हाती द्यावे की नको, या वादात एक बाजू पाणीपट्टीच्या भीतीने बोलते, तर दुसरी पालिकेच्या ढिलाईला कंटाळून. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण टाकीतून किती पाणी सुटते आणि त्यातले घरात किती पोहोचते, हा आकडा मोजून कोणीच पुढे ठेवत नाही.

मराठवाड्याने हा प्रयोग दोनदा केला आहे. लातूरचा पाणीपुरवठा २००८ मध्ये दहा वर्षांच्या कराराने कंपनीकडे गेला आणि विरोधामुळे मुदतीआधीच गुंडाळावा लागला. छत्रपती संभाजीनगरात ‘समांतर’ जलवाहिनी योजनेच्या कंपनीने २०१४ मध्ये पाणीपुरवठा हाती घेतला, २०१६ मध्ये महापालिकेने करार रद्द करण्याचा ठराव केला. आता जायकवाडी धरणावरून २५०० मिलिमीटर व्यासाची नवी जलवाहिनी येते आहे. त्या पाण्याचे वितरण कोणी आणि कसे चालवायचे, हे ठरवताना मागच्या चुका तरी टाळाव्यात.

पहिली चूक म्हणजे नळावर मीटर बसवण्याची घाई. आठवड्यातून एकदा पाणी सुटणाऱ्या वाहिनीत मधले दिवस हवाच भरलेली असते. व्हॉल्व्ह उघडला की पाणी ती हवा पुढे रेटते, नळ फुसफुसतो आणि मीटरचा पंखा पाण्याआधी हवेने गरगरतो. बिल मात्र लिटरचे येते. वाहिनीच्या उंचवट्यावर चालू एअर व्हॉल्व्ह असेल तर बरीचशी हवा तिथेच निघून जाते. पण आपल्याकडे हे व्हॉल्व्ह रस्त्याच्या डांबराखाली गाडले जातात, नाहीतर पाण्यासाठी फोडले जातात. पुढे गाळाने मीटरच अडकतो. म्हणून वाहिनीत कायम दाब राहू लागला की मगच घरगुती मीटरवर आकारणी करावी.

दुसरी गोष्ट गळतीची. वाहिनीत २० मीटरचा दाब (पाणी २० मीटर उंच चढेल इतका) असेल तर ६ मिलिमीटरच्या एका छिद्रातून मिनिटाला सुमारे २० लिटर पाणी जाते. तासभर पाणी सोडले तर १,२०० लिटर. तीच वाहिनी चोवीस तास भरलेली ठेवली तर दिवसाला २९ हजार लिटर, म्हणजे माणशी १३५ लिटरच्या निकषाने दोनशेहून अधिक लोकांचे पाणी. गळती न काढता ‘२४ तास पाणी’ जाहीर केले की टाकी भरतच नाही, ती यामुळे. त्यात विजेचा भुर्दंड वेगळा: दहा लाख लिटर पाणी १०० मीटर उचलायला, पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरली तरी, जवळपास ३९० युनिट लागतात. शिवाय वाहिनी रिकामी होताना त्याच छिद्रांतून गटाराचे पाणी आत शिरते. नळाला सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे घाण पाणी येते ते बरेचदा त्यामुळेच.

गळती शोधायला परदेशी सल्लागार लागत नाही. एकाच टाकीवरचा, हजार-दोन हजार जोडण्यांचा भाग निवडावा. त्याच्या हद्दीवरचे सगळे व्हॉल्व्ह बंद करून टाकीचाही व्हॉल्व्ह बंद करावा. तरी कुठे नळ चालू राहिला तर नकाशात नसलेली जोड आहे असे समजावे आणि ती आधी शोधावी. मग टाकीतून बाहेर पडणाऱ्या वाहिनीवर प्रवाहमापक बसवावा. त्याच्या आधी वाहिनीच्या व्यासाच्या साधारण पाचपट आणि नंतर तीनपट सरळ पाइप हवा. वळणाला चिकटून बसवलेला मापक चुकीचेच आकडे देतो. मापक येईपर्यंत टाकीची पातळीच मोजावी. आतला व्यास १६ मीटर असेल तर पातळी १० सेंटिमीटर उतरणे म्हणजे २० हजार लिटर. रात्री एक ते चार टाकी भरणे बंद ठेवून वाहिनीत दाब राखला आणि पातळी उतरली, तर ती बहुतांशी गळतीच. फक्त त्या वेळी घरांचे कॉक बंद असल्याची खात्री करावी, कारण बॉल कॉक (भरल्यावर पाणी आपोआप बंद करणारा कॉक) नसलेले हौद आणि गच्चीवरच्या टाक्या रात्रभर वाहतात.

फेरूलपासून, म्हणजे मुख्य वाहिनीला घराची नळजोडणी जिथे लागते तिथपासून, घरापर्यंतचा, गटारातून गेलेला गंजका जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप हे गळतीचे मोठे ठिकाण असते. तो तुकडा कोणी, कोणाच्या खर्चाने बदलायचा, हे करारात स्पष्ट हवे. नसेल तर कंपनी ग्राहकाकडे बोट दाखवते, ग्राहक पालिकेकडे, आणि पाणी गटारात जात राहते.

कंपनीला पैसे कशाचे द्यायचे, यावर सगळे अवलंबून आहे. उपसलेल्या लिटरवर द्याल तर गळती राहण्यात कंपनीचा तोटा नाही. विकलेल्या लिटरवर द्याल तर ती हॉटेले-कारखाने आधी बघेल, झोपडपट्टी शेवटी. गळती किती घटली यावर द्यावे, हे मला योग्य वाटते. पण आधीची गळती कंपनीनेच मोजली तर ती फुगवलेली असण्याचा धोका राहतो. म्हणून निविदेपूर्वी सलग बारा महिने त्रयस्थाने, उदाहरणार्थ शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाने, मोजणी करावी. वैशाखातला आणि भाद्रपदातला आकडा एक नसतो.

आणि मराठवाड्यात दुष्काळाचे कलम हवेच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. ५० वाघिणींची एक खेप म्हणजे अवघे २५ लाख लिटर. धरण मृतसाठ्यात गेल्यावरही कंपनीचे किमान देयक चालू राहिले तर शहर कंपनीलाही पैसे देईल आणि टँकरलाही. उद्भव, म्हणजे पाण्याचा मूळ स्रोत, आटला की लिटरशी बांधलेला मोबदला थांबेल, फक्त कर्मचारी आणि देखभालीचा खर्च मिळेल, असे आकड्यांसह लिहून घ्यावे.

मी कंपन्यांच्या विरोधात नाही. टँकर आणि जार हे आजचेच खासगीकरण आहे, आणि त्याला करारही नाही. पण पाण्याचा दर ठरवण्याचा अधिकार, मापकांच्या नोंदी आणि व्हॉल्व्हचा नकाशा पालिकेकडेच राहिला पाहिजे. कोणता व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की कोणत्या गल्लीला पाणी चढते, हे आज बऱ्याच ठिकाणी फक्त जुन्या लाइनमनला ठाऊक असते. ते निवृत्त होण्याआधी प्रत्येक व्हॉल्व्हला क्रमांक देऊन ती माहिती कागदावर उतरवावी. हे काम पालिकेला आपल्याच माणसांकडून याच महिन्यात सुरू करता येईल.

आपला,
एक निवृत्त पाणीपुरवठा अभियंता, लातूर