‘मरणोत्तर’ नव्हे, राणेसाहेब ७६ वर्षं जगले

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात आतल्या पानावर रामा राघोबा राणे यांच्या स्मृतिदिनाची चौकट आहे. पहिल्याच ओळीत छापलंय, ‘मरणोत्तर परमवीरचक्र’. सकाळपासून तो शब्द डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

त्याच चौकटीत खाली निधनाची तारीख आहे, ११ जुलै १९९४. पराक्रम काश्मीरच्या लढाईतला, एप्रिल १९४८ चा. मधली ४६ वर्षं हा माणूस कुठे होता, असा प्रश्न लिहिणाऱ्याला पडला नाही आणि पान तपासणाऱ्यालाही पडला नाही. परमवीरचक्राचे आजवरचे मानकरी एकवीस, त्यातल्या सात जणांना ते हयातीत मिळालं. राणे त्या सातांतले. वीर म्हटला की तो गेलेलाच असणार, असं आपण धरून चाललो आहोत आणि मला राग आहे तो त्याचाच.

माझे वडील बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या लष्करी पलटणीचे. १९६२ साली खडकीला भरती झाले, हवालदार म्हणून पेन्शनवर आले. राणेसाहेब १९४० मध्ये ज्या पलटणीत साधे रिक्रूट म्हणून दाखल झाले, तीच ही पलटण. त्यांची गोष्ट आम्ही भावंडं पुस्तकात वाचायच्या आधी अंगणात शिकलो. बाबा घड्याळ काढून ठेवायचे, बाह्या कोपराच्या वर दुमडायचे आणि हातात लोखंडी सळई घेऊन पालथे पडायचे. सळई मातीत तिरकी घालायची, बेताबेताने. “सरळ खुपसलीस तर वरच्या झाकणावर दाब येतो. तिरकी गेली की सुरुंगाच्या कुशीला लागते. लागलं की थांब. मग बोटांनी माती सार.” पेन्शनीत आल्यावर परसातला सुरण काढतानाही त्यांचा हात तसाच चालायचा. आई म्हणायची, अहो सुरण आहे तो, फुटत नाही. पण कुदळ घालायच्या आधी ते सळईने अंदाज घेणारच.

आता हेच काम मशिनगनच्या समोर करायचं, हे डोळ्यांपुढे आणा. नौशेरा ते राजौरी हा रस्ता शत्रूने सुरुंग पेरून आणि झाडं आडवी टाकून बंद केला होता. ८ एप्रिलला सुरुंग काढायच्या तयारीत असताना उखळी तोफांच्या माऱ्यात राणेसाहेबांच्या तुकडीतले दोघे गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत ते स्वतः होते. तरी रात्री दहापर्यंत रणगाड्यांसाठी वाट काढत राहिले. ९ तारखेला संध्याकाळी पाच मोठे पाइन वृक्ष आडवे, भोवती सुरुंग, वरून गोळ्या. उजेड संपला म्हणून थांबावं लागलं. १० ला पहाटे पावणेपाचला पुन्हा तिथेच हजर, साडेसहाला रस्ता मोकळा. ११ ला पहाटेपासून रात्री दहापर्यंत काम चालू. वाटेतल्या चिंगसच्या पुढे रस्ता उघडला आणि १२ एप्रिलला रणगाडे राजौरीत शिरले. तेव्हा ते सेकंड लेफ्टनंट होते. तुम्ही ‘मेजर’ छापलंय, तो हुद्दा फार पुढचा. वडील पोलीस शिपाई, गाव कारवारजवळचं चेंडिये, आणि हा मुलगा दुसऱ्या महायुद्धात बर्माची आघाडी पाहून, शिपायापासून अधिकारी होऊन तिथे पोचला होता.

त्यानंतर त्यांनी आणखी वीस वर्षं नोकरी केली. १९६८ ला निवृत्त झाले आणि २६ वर्षांनी पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये अंथरुणावर गेले. एका शब्दाने तुम्ही हे सगळं पुसून टाकलं. बाबा म्हणायचे, सुरुंग काढणारा परत आला तर त्याचं काम नीट झालं असं समजायचं. राणेसाहेब परत आले, पोराबाळांत राहिले, म्हातारे झाले. त्यांच्या पराक्रमाला यामुळे काही उणेपणा येतो का?

आता माझ्या घरचं. बाबा मागच्या वर्षी गेले. तुमच्याच कचेरीत निधनवार्ता द्यायला माझा भाऊ गेला होता. कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं, ‘बॉम्बे सॅपर्सचे निवृत्त हवालदार’. दुसऱ्या दिवशी छापून आलं, ‘निवृत्त पोलीस हवालदार’. सॅपर्स गाळलं आणि पोलीस घातलं. हवालदार म्हणजे पोलीसच, असं तिथे कुणाला तरी वाटलं. पोलिसांत असणं कमीपणाचं नाही, राणेसाहेबांचे वडीलही पोलिसांतच होते. पण माझ्या बाबांनी एकवीस वर्षं दुसरा युनिफॉर्म घातला होता. गावातले लोक तेराव्यापर्यंत विचारत होते, तुझे वडील पोलिसांत कधी होते? आईने ते कात्रण घडी करून देव्हाऱ्याच्या खालच्या खणात ठेवलं. फोटोजवळ लावायला काढलं नाही. भावाने दोनदा फोन केला, “बघतो” म्हणाले. दुरुस्ती आजपर्यंत आलेली नाही.

राणेसाहेबांबद्दलची दुरुस्ती तरी करा. ज्या पानावर, ज्या आकारात चूक छापली, त्याच पानावर, तेवढ्याच आकारात. कोपऱ्यात दोन ओळींची दिलगिरी नको.

आणखी एक. माजी सैनिकांच्या पेन्शनची माहिती आठवड्यातून एकदा यायची, ते सदर तुम्ही न सांगता बंद केलं. हयातीचा दाखला आता ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन पोर्टलवर भरावा लागतो. आईसारख्या बायकांना त्यातलं काही कळत नाही. बाबा होते तोवर ते सदर मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आई कॅलेंडरवर तारखेभोवती गोल करायची. यंदा नोव्हेंबरची तारीख मी गोल केली आहे. ते सदर पुन्हा सुरू करावं ही विनंती.

आपली,
एका सॅपरची मुलगी
देवरुख, जि. रत्नागिरी