कर्णबधिर खेळाडूंना टेलिफोन हेल्पलाइन: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

डेफलिम्पिक्सच्या, म्हणजे कर्णबधिरांच्या जागतिक क्रीडास्पर्धेच्या, सराव शिबिरात मानसिक तयारीच्या सत्रांसाठी सांकेतिक भाषेचे दोन पूर्णवेळ दुभाषी देऊ, असा शब्द आपण भर बैठकीत दिला होता. परवा आपल्या खात्याचे परिपत्रक हाती आले. त्यात दुभाष्यांचा उल्लेख नाही. त्यांच्याऐवजी खेळाडूंच्या मानसिक आरोग्यासाठी 'चोवीस तास टेलिफोन हेल्पलाइन' सुरू होणार आहे. कर्णबधिर खेळाडूंसाठी, टेलिफोन! कागदावर सहा सह्या आहेत. सहापैकी एकाचाही हात अडखळला नाही, याचे कौतुक वाटते.

या स्पर्धेत उतरायला दोहोंपैकी त्यातल्या त्यात चांगल्या कानाची श्रवणहानीही किमान 55 डेसिबल असावी लागते. प्रत्यक्ष स्पर्धेत श्रवणयंत्र चालत नाही, कॉक्लिअर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या श्रवण-उपकरणाचा) बाहेरचा भागही उतरवावा लागतो. वर्षभर यंत्र लावून वावरणाऱ्या धावपटूला ऐन शर्यतीत स्वतःच्या पावलांचा आवाजही येईनासा होतो. काहींचा तोलाचा अंदाजही चुकतो. म्हणून काही आठवडे आधीपासून यंत्राविना सराव करून घ्यावा लागतो: आधी फक्त वॉर्म-अप, मग अर्धे सत्र, मग पूर्ण रंगीत तालीम. शर्यत सुटण्याच्या इशाऱ्यासाठी जमिनीवरचे दिवे असतात, लाल, पिवळा, हिरवा. लालवर श्वास सोडायचा, पिवळ्यावर नजर बांधायची, हिरव्यावर सुटायचे, हा क्रम अंगवळणी पडला तरच घालमेल आवरते. शिबिरात दिवे अजून आलेले नाहीत. भांडारातून शिट्ट्या मात्र डझनभर आल्या.

शिथिलीकरणाची नेहमीची पद्धत 'डोळे मिटा आणि माझा आवाज ऐका' अशी सुरू होते. इथे डोळे मिटले की संवादच संपला. त्यामुळे सगळा क्रम आधी उघड्या डोळ्यांनी, खुणांनी शिकवावा लागतो. मग खेळाडूची संमती घेऊन स्पर्शाचे संकेत ठरतात: खांद्यावर एक टिचकी म्हणजे स्नायू आवळा, दोन म्हणजे सोडा. श्वासाची लय, चार आकडे आत आणि सहा बाहेर, थरथरणाऱ्या घड्याळावर बांधतो. ऐकणाऱ्या खेळाडूबरोबर वीस मिनिटांत होणाऱ्या गोष्टीला इथे सुरुवातीला पाऊण तास लागतो. बावीस खेळाडूंची एक फेरी म्हणजे साडेसोळा तास. दुभाष्याने वीस ते तीस मिनिटांनी जागा बदलायची असते. नाहीतर अर्थ निसटू लागतो आणि तो निसटला हे खुद्द दुभाष्यालाही कळत नाही. म्हणजे आम्ही मागितलेले दोन दुभाषी हिशेबाने एकच होते. आपण तोही काढून घेतलात.

'तोंडासमोर स्पष्ट बोला, कळतं त्यांना,' असा सल्ला आपल्या एका अधिकाऱ्यांनी दिला. त्यांना आरशासमोर उभे करा आणि आवाज न काढता पळ, बळ, मळ म्हणायला सांगा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. शर्यतीआधी कुणी काय सांगितले हे खेळाडूने ताडायचे कशावरून?

मग छापील प्रश्नावल्या आल्या, तीन दिवसांत भरून द्या म्हणून. 'स्पर्धेआधी पोटात गोळा येतो का?' ज्याची पहिली भाषा खुणांची आहे, तो हा प्रश्न शब्दशः वाचतो आणि पोट ठीक आहे असे लिहितो. झाली चिंतेची नोंद शून्य! अशी प्रश्नावली सांकेतिक भाषेत चित्रित करावी लागते, दुसऱ्या माणसाकडून तिचा उलटा अनुवाद करून मूळ अर्थाशी ताडावी लागते. 'मनात स्वतःशी बोला' हेही तसेच. कुणी मनात खुणा करतो, कुणाला चित्र दिसते. बॅडमिंटनपटूच्या हातात रॅकेट असते, म्हणून त्याची धीराची खूण मोकळ्या हाताने करता येईल एवढी आखूड लागते. ती त्याच्याबरोबर बसूनच घडवावी लागते. हेल्पलाइनवर ती कशी घडते, तेवढे कळवा.

दुभाषी परवडत नसेल तर खुणा येणाऱ्या प्रशिक्षकालाच बसवा, असेही सुचवून झाले. ज्याच्या हाती निवड आहे त्याच्यासमोर 'मला भीती वाटते' असे कोण सांगेल? कर्णबधिरांचे वर्तुळ लहान आहे, एका शिबिरातली गोष्ट दुसऱ्या शहरात पोचायला वेळ लागत नाही. गोपनीयतेची लेखी हमी दिलेला बाहेरचा दुभाषी याचसाठी हवा.

हे सारे आम्ही अकरा पत्रांत लिहिले, की बारा? मोजणेही सोडले. प्रत्येक वेळी 'पुन्हा अर्ज करा'. दुभाष्याचे प्रवासबिल 'अनावश्यक सोबती' असा शेरा मारून परत आले. सात महिने आमचे मानधन नाही, ते एक वेळ राहू द्या. पण ज्याच्यावाचून सत्रात एक वाक्य पुढे सरकत नाही तो सोबती, आणि उद्घाटनाच्या मांडवाला मात्र 'आवश्यक खर्च'?

यावर 'त्यांना पॅरालिम्पिकला का पाठवत नाही?' असे विचारणारे खात्यातच भेटतात. साहेब, तिथे श्रवणहानीचा गटच नाही. कर्णबधिरांची आंतरराष्ट्रीय संघटना 1995 मध्ये पॅरालिम्पिक समितीतून बाहेर पडली. त्यांच्या स्पर्धा 1924 मध्ये पॅरिसला सुरू झाल्या, पहिल्या पॅरालिम्पिकच्या 36 वर्षे आधी. शंभर वर्षांत खात्याला एवढेही माहीत करून घेता आले नाही. कारण जे अपंगत्व फोटोत दिसत नाही, ते या व्यवस्थेच्या लेखी नसतेच. दहातली नऊ कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आई-वडिलांच्या पोटी येतात. कित्येकांना घरात खुणांची भाषा मिळत नाही, शाळेतही नाही. मैदानावर ती पहिल्यांदा मिळू लागली, तर खर्चाची फाइल आडवी येते. पदक आले की विमानतळावर दोन्ही पंजे हलवून टाळ्या द्यायला मात्र सगळे साहेब अचूक शिकलेले असतात.

दोन दुभाषी, शिबिराच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, प्रवासासह. शर्यत सुटण्याचे दिवे. हेल्पलाइन ठेवायचीच असेल तर व्हिडिओवर, खुणा येणाऱ्या समुपदेशकासह.

परिपत्रकातला क्रमांक आम्ही लावून पाहिला. 'आपले म्हणणे आमच्यासाठी महत्त्वाचे आहे, कृपया ऐकत राहा,' अशी ध्वनिफीत लागली.

उत्तर लेखी पाठवावे. फोन करू नये.

आपले,
कर्णबधिर खेळाडूंसाठीचे क्रीडा मानसशास्त्र पथक