मीड सरोवरातल्या बी-२९ पर्यंत नेणाऱ्या सरांना खुले आभारपत्र

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

मीड सरोवराच्या तळाशी विसावलेल्या बी-२९ विमानापर्यंत आपण मला नेलेत आणि सुखरूप वर आणलेत, त्याबद्दलचे आभार मी बोटीवरच मानले होते. पण त्या वेळी आपले लक्ष माझ्या बोलण्यापेक्षा माझ्या गोत्याच्या हवा भरायच्या जॅकेटमधून ठिबकणाऱ्या पाण्याकडे अधिक होते आणि "ते आधी पूर्ण निथळू द्या, मग बोलू" एवढेच आपण म्हणालात. ते राहून गेलेले बोलणे आता पत्रातून करतो आहे, आणि तेही उघड पत्रातून. तारकर्लीला पहिला गोता मारून आलेली आपल्याकडची काही तरुण मंडळी नोकरीनिमित्त अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडे येऊन राहतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, वाळवंटातल्या धरणाच्या पाण्यात एक अख्खे बॉम्बफेकी विमान आहे हे त्यांनी ऐकलेले असते. मात्र तिथे जाण्यासाठी अंगी काय असावे लागते हे आपल्या भाषेत, न रागावता आणि न चुचकारता सांगणारा मालवणकडचा माणूस प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

विमानाची हकिकत आपण मला पाण्यात उतरण्याच्या कितीतरी आधी सांगितली होती, आणि ती सांगण्यामागे आपला हेतू काय होता हे मला आता कळते. २१ जुलै १९४८ रोजी कॅलिफोर्नियातील इन्योकर्नहून निघालेले ते विमान युद्धावर नव्हते. सूर्याच्या आधाराने क्षेपणास्त्राला दिशा देता येईल का, या संशोधनासाठी वेगवेगळ्या उंचीवर किरणांच्या तीव्रतेची मोजणी करण्याचे गुप्त काम त्याच्याकडे होते. उंचावरची मोजणी संपवून ते सरोवराच्या पृष्ठभागालगत आले. वारा नव्हता, पाणी आरशासारखे होते, आणि अशा पाण्यावरून आपण किती उंचीवर आहोत याचा वैमानिकाला अदमास येत नाही. ताशी सुमारे ३७० किलोमीटर वेगाने विमान पाण्याला घासले, चारपैकी तीन इंजिने उखडून गेली, आणि तरीही वैमानिकाने ते पुन्हा पाण्यावर टेकवले. आतले पाचही जण तराफ्यांवर उतरून वाचले आणि विमान बुडाले. "तिथे कोणी मेलेले नाही, म्हणून उगाच गंभीर चेहरा करून जाऊ नका, पण ती जत्राही नाही," हे आपले वाक्य मी पाठ करून ठेवले आहे. (जाता जाता एक आठवण: याच जातीच्या विमानांनी आपली पहिली युद्धमोहीम ५ जून १९४४ रोजी भारतातूनच, खरगपूर परिसरातील धावपट्ट्यांवरून केली होती. आपण हे सांगितल्यावर बोटीवरच्या अमेरिकन सोबत्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते.)

समुद्रातले बुडालेले जहाज आणि जलाशयातले बुडालेले विमान यांत मूळ फरक आहे तो खोलीचा, हे मला आपल्यामुळे समजले. समुद्रात भरती-ओहोटीचा फरक सोडला तर अवशेषाची खोली वर्षानुवर्षे तीच राहते. जलाशयात ती रॉकी पर्वतात किती बर्फ पडले आणि कोलोरॅडो नदीचे पाणी कोणी किती उचलले यावर ठरते. हूवर धरण १९३५ साली उभे राहिले आणि त्याच्या मागे मीड सरोवर हा अमेरिकेतला साठवणक्षमतेने सर्वांत मोठा जलाशय तयार झाला. २००१ साली खासगी गोताखोरांच्या एका चमूने ध्वनिलहरींनी तळ धुंडाळणाऱ्या 'सोनार' यंत्राच्या मदतीने हे विमान शोधले, तेव्हा ते साध्या गोताखोराच्या आवाक्याबाहेर होते. त्यानंतर दुष्काळाने पाणी हटत गेले. २०२२ च्या जुलैमध्ये सरोवराची पातळी धरण भरत होते त्या १९३७ सालानंतरच्या नीचांकाला गेली, दुसऱ्या महायुद्धातली एक हिगिन्स बोट (सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणारी सपाट बुडाची नाव) किनाऱ्याजवळ उघडी पडली, आणि १९३८ मध्ये बुडालेल्या सेंट थॉमस गावाचे पाये तर त्याच्या कितीतरी आधीपासून लोक चालत जाऊन पाहत होते. माझ्यासारख्या माणसाला बी-२९ दिसू शकले ते पाणी घटले म्हणून. हे भाग्य म्हणावे की काय, असे मी बोलून गेलो तेव्हा आपण काही उत्तर दिले नाही, आणि ते बरेच केलेत.

आता शिकवणीबद्दल. समुद्रात मी कमरेला जेवढे शिसे बांधत असे, तेवढेच घेऊन मी आलो होतो. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी हलके असते, म्हणजे माणूस आणि सामान मिळून शंभर किलो होत असेल तर अडीच किलो शिसे कमी करावे लागते, हा हिशेब आपण वहीत मांडून दाखवलात. मग थंडीसाठी ड्रायसूट, म्हणजे पाणी आत येऊ न देणारा पोशाख, घातला की त्यातल्या हवेमुळे पुन्हा वजन वाढवावे लागते, हेही दाखवलेत, आणि शेवटी वही मिटून "आता पाण्यातच पाहू" म्हणालात. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, छातीएवढ्या खोलीपासून सुरुवात करून, एकेक किलो काढत-घालत आपण जो वेळ घालवलात, तेवढा वेळ पैसे घेऊन शिकवणारे फारसे कोणी घालवत नाही. सरोवराचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या वर असल्याने वर येताना कुठे किती थांबायचे याचे कोष्टक बदलते, खोली आणि वेळ मोजणाऱ्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरला ते सांगावे लागते, हेही तिथेच कळले. माझ्या मावशीच्या गावाजवळच्या उजनीची पातळी तर पाचशे मीटरच्या घरात आहे. दख्खनच्या पठारावर कधी कोणी असा उद्योग करायचा म्हटले तर हा धडा त्याच्याही कामी येईल.

पण आपला खरा आग्रह होता तो पायांबद्दल. जलाशयाच्या तळावरचा गाळ रेतीसारखा नसतो. तो चुलीतल्या राखेसारखा असतो, आणि फिन्सचा एक खालच्या दिशेचा फटकारा त्याला उठवायला पुरतो. भरती-ओहोटी आणि प्रवाह नसल्यामुळे उठलेला गाळ कुठे वाहून जात नाही. मागून येणाऱ्याला तर काही दिसत नाहीच, पण त्याहून वाईट म्हणजे जवळ कोणी आहे याचा अंदाजही राहत नाही. म्हणून गुडघे वाकवून, बेडकासारखे पाय बाजूला नेऊन मागे ढकलायची ती पद्धत आपण मला घटवून घेतलीत. हात छातीशी बांधलेले, तळापासून एक हात वर, आणि समोर आपण धरलेली पांढरी पाटी: ती पाटी वर-खाली न होता डोळ्यांसमोर स्थिर राहीपर्यंत आपण विमानाचे नाव काढू दिले नाही. पोहायला येणे आणि पाण्यात एका जागी थांबता येणे या दोन वेगळ्या विद्या आहेत असे माझे मत आता झाले आहे, आणि दुसरी शिकवणारे कमी आहेत.

सर्वांत मोठे आभार मात्र मला त्या दिवसाचे मानायचे आहेत, ज्या दिवशी आपण मला विमान दाखवले नाही. बोट निघाली होती, परवान्याची कागदपत्रे बरोबर होती, सिलिंडर भरलेले होते, आणि सरोवराच्या ओव्हर्टनकडच्या फाट्यात शिरताना वाऱ्याने तोंड फिरवले. लाटा समुद्राच्या मानाने काहीच नव्हत्या. आपण तरीही दोरीने एकटे खाली जाऊन पाहून आलात, बोटीच्या कडेला हात टेकवलात आणि मान हलवलीत. खाली हातभर अंतरापलीकडचे दिसत नव्हते, आणि वर येताना थांबायच्या टप्प्यांवर दोरी हिसके देत होती, हे कारण आपण मागाहून समजावून सांगितलेत. सगळ्यांचे पैसे परत करतो म्हणालात. बोटीवरचा एकजण, लांबून गाडी चालवत आलेला, बराच बोलला. आपण ऐकून घेतलेत, चहा पुढे केलात आणि इंजिन फिरवलेत. गिऱ्हाईक नाराज होणार हे ठाऊक असताना नाही म्हणणे हे या व्यवसायातले सर्वांत अवघड काम असावे, कारण त्या नाही म्हणण्यातून काय टळले ते कधी कोणाला दिसत नाही आणि म्हणून त्याचे आभारही कोणी मानत नाही.

पुढे ज्या दिवशी गेलो, तेव्हा वर उन्हाने बोट चटके देत होती आणि दोरीवरून उतरताना एका पातळीला अंगावरून थंड पडदा सरकल्यासारखे झाले. त्या रेषेच्या वर कोमट हिरवे पाणी होते आणि खाली बारा-तेरा अंशांचा काळोख. एकतृतीयांश हवा जाण्यासाठी, एकतृतीयांश येण्यासाठी, उरलेली अडचणीसाठी, हे आपले गणित मी मनात म्हणत होतो, तेवढ्यात आपल्या टॉर्चच्या उजेडात पंखाची कड आली. आधी ते विमान वाटलेच नाही. शिंपल्यांचा एक लांबच लांब बांध वाटला. या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ४३ मीटर आहेत, त्यामुळे एका नजरेत ते मावत नाही, पुरवून पुरवून पाहावे लागते. पंखावरून सरकत गेलो आणि जिथे इंजिन असायला हवे तिथे फक्त रिकामी जागा होती. आपण तिथे टॉर्च स्थिर धरलात आणि १९४८ ची ती हकिकत मला शब्दाविना पुन्हा समजली. मी विमानाच्या नाकाकडे बोट केले. आपण नकाराची खूण केलीत, कॉम्प्युटरवरचा आकडा दाखवलात, आणि आम्ही वळलो.

त्या शिंपल्यांबद्दल आपण वर आल्यावर सांगितलेत. ते मूळचे युक्रेनच्या नीपर नदीकडचे; जहाजांतल्या पाण्याबरोबर अमेरिकेच्या उत्तरेकडील महासरोवरांत आले आणि बहुधा ट्रेलरवरच्या एखाद्या बोटीला चिकटून इथवर पोहोचले. जानेवारी २००७ मध्ये मीड सरोवरात ते प्रथम सापडले. आपल्या शिनाण्यांचे हे नखाएवढे चुलतभाऊ पाणी गाळून नितळ करतात खरे, पण धातूच्या प्रत्येक इंचावर थरावर थर चढवतात, आणि त्यांना खरवडून काढावे तर धातूचा पापुद्राही बरोबर येतो. त्यांची पिले डोळ्यांना दिसत नाहीत आणि थेंबभर पाण्यातून दुसऱ्या तलावात जाऊ शकतात. बोटीवर मी आभार मानत असताना आपली नजर जॅकेटमधल्या थेंबांवर का होती ते त्यातून कळले. घासणे, निथळवणे, कडकडीत वाळवणे हे आपण स्वतः, सगळ्यांचे सामान ओळीने मांडून, करून घेतलेत.

एक गोष्ट मला घरी गेल्यावर छळत राहिली, ती आपल्याशीच बोलण्यासारखी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने १९७५ ते १९८० या काळात धरणाच्या पाण्याखाली जुन्या वास्तूंचे आणि अवशेषांचे काय होते याचा मोठा अभ्यास केला होता आणि आज या विमानाची देखरेख पाण्याखाली उतरून काम करणाऱ्या ज्या पुरातत्त्वज्ञांकडे आहे त्यांचा विभाग त्याच कामातून उभा राहिला, असे आपण सांगितलेत. त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की कायम खोल पाण्यात राहिलेले अवशेष पुष्कळ टिकतात. खरी हानी होते ती पाणी चढते-उतरते त्या पट्ट्यात, लाटांच्या माराने आणि भिजण्या-वाळण्याने. इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचे उजनीत बुडालेले मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते, आणि लहानपणी मावशीबरोबर तिथे गेल्यावर देवळाने दर्शन दिले म्हणून आम्ही आनंदाने नारळ फोडत असू. दर उन्हाळ्याच्या त्या दर्शनाची किंमत दगडांनी मोजली आहे, हे मला नेवाडात येऊन समजले. आणि मीड सरोवर असेच आटत राहिले तर बी-२९ सुद्धा त्याच पट्ट्याकडे सरकेल. मग आपण लोकांना नेत राहणार की नाही, हे मी विचारले होते. "उद्यानवाले सांगतील त्या दिवशी बंद," हे उत्तर आपण ज्या सहजपणे दिलेत, त्यात आपल्या पोटापाण्याचाही प्रश्न होता हे मला गाडीत बसल्यावर उमगले.

आपली परवानगी न घेता आपले नाव मी इथे लिहिलेले नाही, ओळखणारे ओळखतीलच. माझा भाचा येत्या हिवाळ्यात फिनिक्सला येतो आहे आणि त्याला विमान पाहायचे आहे. मालवणच्या समुद्रात तो उत्तम पोहतो, असे त्याच्या आईचे म्हणणे आहे. त्याला आपल्याकडे पाठवतो. पांढरी पाटी त्याच्यासमोर जितके दिवस धरावीशी वाटेल तितके दिवस धरावी, आणि तोवर माझ्या ओळखीचा मुलाहिजा ठेवू नये.

वहिनींना नमस्कार. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक विद्यार्थी